कॅप्टनची उडी

१

सर पडले तेव्हा मी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होतो.

‘सर, नको,’ असं कुणीतरी ओरडलं म्हणून मी मान वर केली. आमचा सेट म्हणजे अर्धवट बांधलेली एक इमारत. तिच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून सरांनी स्वतःला पुढे झोकून दिलं होतं. तोंड आमच्याकडे, दोन्ही हात पसरलेले. पाठीमागचा दोर ताणला गेला, त्याने सरांना जेमतेम पेललं आणि काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज आला. मी खाली पाहिलं, तर कॅप्टन भिंतीला टेकवून ठेवलेली जाडजूड गादी खांद्याने ढकलून आडवी पाडत होता. सर तिच्या काठावर आदळले आणि घरंगळत जमिनीवर आले.

डोकं वाचलं. कमरेचं हाड आणि उजवा पाय मात्र मोडला. कॅप्टनचा खांदा निखळला.

खरं तर ती उडी सरांची नव्हतीच. ‘लोखंडी तुकडी’ ही आमची मारधाडीची मालिका कित्येक वर्षं चालली होती. सर तिचे दिग्दर्शक, मी लेखक, आणि कॅप्टनची भूमिका करणारा नट इतका कॅप्टन झाला होता की त्याला घरचे सोडून सगळे त्याच नावाने हाक मारत. मालिका संपत आली होती. कॅप्टन उड्या स्वतः मारत नाही, त्याच्या जागी दुसराच कुणीतरी असतो, अशी कुजबुज वर्तमानपत्रांतून सुरू झाली होती. त्यावर चिडून त्याने एका मुलाखतीत जाहीर करून टाकलं, ‘शेवटची उडी मी पत्रकारांसमोर मारीन. खाली गादीसुद्धा नको. या आणि बघा.’

पत्रकार आले. कॅप्टन कठड्याकडे बघत गप्प उभा होता. सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘थांब, आधी मी दाखवतो. काही नसतं त्यात.’ टेबलावर तयार ठेवलेला पट्टा त्यांनी कमरेला बांधला, वर गेले, आणि मागे हात नेऊन दोराचा फास पट्ट्याच्या हुकात स्वतःच अडकवला. हातात जाड मोजे, आणि हुक पाठीमागे. त्यांना तो दिसायचं काही कारणच नव्हतं.

रुग्णवाहिका निघून गेल्यावर आमच्या फाइट मास्टरने जमिनीवरून हुकाचे दोन तुकडे उचलले, हातात तोलले, आणि तो मटकन खाली बसला.

‘हा माझा हुक नाही,’ तो म्हणाला. ‘हा खोटा आहे. खेळण्यातला.’

२

संध्याकाळच्या बातम्यांत कॅप्टनच कॅप्टन होता. हात गळ्यातल्या झोळीत, चेहऱ्यावर थकवा. ‘पडद्यावरचा वीर प्रत्यक्षातही वीर’ असं खाली लिहून येत होतं. आणि वीराचा जीव घ्यायला टपलेला कोण, असं विचारलंही जात होतं. कारण पट्टा त्याच्यासाठी ठेवलेला होता.

पोलीस येऊन गेले, हुकाचे तुकडे घेऊन गेले आणि मास्टरला शहर सोडू नका असं बजावून गेले. त्यांच्या मते हा निष्काळजीपणा होता: मास्टरने घाईत खरा समजून खोटा हुक लावला. वाहिनीच्या साहेबांना हे फारच सोयीचं वाटलं. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘परवा मी निवेदन काढतोय. मास्टरला काढून टाकलं, विषय संपला.’

मास्टर वयाने साठीकडे झुकलेला. या धंद्यात त्याच्या हाताखालून गेलेला एकही माणूस लंगडा झाला नव्हता. निवेदन निघालं असतं तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

फोन ठेवला तेव्हा खोलीत मी होतो आणि बाई होत्या. बाई म्हणजे आमच्या सल्लागार. पोलीस खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. पडद्यावरचे पोलीस खरे वाटावेत म्हणून त्यांना नेमलं होतं आणि त्यांचं कुणीही कधीही ऐकत नसे. मी प्रत्येक भागात दार लाथेने उघडायला लावायचो आणि त्या प्रत्येक वेळी सांगायच्या, ‘लेखक, पोलीस आधी कडी वाजवतात.’

आता त्यांनी विणकाम पिशवीत घातलं.

‘परवापर्यंत वेळ आहे म्हणजे,’ त्या म्हणाल्या. ‘चला.’

‘कुठे?’

‘मास्टरकडे. तुम्हीही या. तुम्ही चुकीचे अंदाज फार छान करता, तेवढे तरी माझ्या यादीतून कमी होतील.’

मी गाडीतच पहिला अंदाज सांगून टाकला. ‘सावलीने केलं असणार.’

‘सावली’ म्हणजे तो माणूस, जो इतकी वर्षं कॅप्टनच्या जागी उड्या मारत होता.

३

मास्टर घराच्या पायरीवर बसून दोराच्या गाठी सोडवत होता. आम्हाला पाहून उठला नाही.

‘बाई, माझे डोळे गेले तरी तो हुक हातात घेतला की मला कळेल,’ तो म्हणाला. ‘पोरं मारामारीच्या शॉटमध्ये वापरतात तो. एकमेकांना लागू नये म्हणून प्लास्टिकचा केलाय. नुसता दाबला तरी वाकतो. मी तो लावीन?’

‘तुम्ही लावला नाही हे मला मान्य आहे,’ बाई म्हणाल्या. ‘पण आदल्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, की या उडीत कुणीतरी मरेल.’

‘म्हणालो. गादी काढली म्हणून म्हणालो. सरांशी भांडलो. पण दोर पक्का होता, पट्टा पक्का होता, म्हणून शेवटी हो म्हटलं.’

‘नाही म्हटलं असतंत तर?’

‘तर उडी झाली नसती. सुरक्षेच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. सरसुद्धा मोडत नाहीत.’

‘पट्टा कधी तपासता?’

‘नट पट्टा चढवतो त्याच्या अगदी आधी. प्रत्येक टाका, प्रत्येक कडी, हुक ओढून, चावून बघतो म्हणा ना. सगळ्या युनिटला ठाऊक आहे. मी हात लावल्याशिवाय नट वर जात नाही. त्या दिवशी मी फाटकापाशी पत्रकारांना मागे सारत होतो. सर थांबले नाहीत हो. नट असता तर थांबला असता. पण सरांना कोण अडवणार?’

त्याने गाठ सोडवायचं थांबवलं.

‘बाई, मला एकच समजत नाही. खरा हुक लावून पट्टा मी सकाळी टेबलावर ठेवला होता. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिथे सगळ्यांची ये-जा होती. ज्याने हुक बदलला त्याला हेही माहीत असणार, की मी तो पकडणारच. मग त्याने बदलला कशाला?’

बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

‘मास्टर,’ त्या म्हणाल्या, ‘माझं अर्धं काम तुम्हीच केलंत.’

मला काहीच कळलं नाही. गाडीत बसल्यावर मी तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘आधी सरांच्या मुलीला भेटू. तिने मला एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि ती मला वाहिनीच्या शिपायाकडून कळली आहे.’

४

सरांची मुलगी त्यांची सहायक दिग्दर्शक. संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत ती पडद्यांसमोर बसली होती. डोळे सुजलेले, पण हात चालूच.

‘बाबांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल?’ ती म्हणाली. ‘शेवटचा भाग वेळेवर जातोय ना? म्हणून इथे बसलेय. रडायला नंतरही वेळ आहे.’

‘पुढची मालिका वाहिनीने तुला देऊ केली आहे,’ बाई म्हणाल्या. ‘बाबांना नाही. आणि हे तू बाबांना सांगितलेलं नाहीस.’

ती वळली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘खरं आहे की नाही?’

‘खरं आहे. त्यांना नवा माणूस हवाय. बाबा या मालिकेआधी कारखान्यांसाठी माहितीपट काढायचे, यंत्राला तेल कसं घालावं याचे. तिथून त्यांनी हे सगळं उभं केलं. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की आता तुमच्या जागी मी? मी दोनदा नकार दिलाय. तिसऱ्यांदा देणार होते.’

‘ती उडी तुला नको होती का?’

‘नको असती तर काढून टाकली असती. रोजचा क्रम मीच लावते. आज हा शॉट, उद्या तो. पाऊस आला, प्रकाश गेला, काय वाटेल ते सांगता येतं. कुणी विचारत नाही.’ ती पुन्हा पडद्याकडे वळली. ‘आत्यासुद्धा काल म्हणाली, पोरी, तूच बापाला ढकललंस असं लोक म्हणतील. म्हणू देत. भाग वेळेवर जाईल.’

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘त्या दिवशीचं चित्रीकरण सगळं आहे?’

‘बातम्यांत दाखवतात तो तुकडा पत्रकारांचा आहे, पडल्यानंतरचा. आमच्या कॅमेऱ्याचं पूर्ण आहे. मी अजून बघितलं नाही. बघवणार नाही.’

‘तू बघू नकोस. मला दे.’

बाहेर व्हरांड्यात सावली भेटला. भिंतीला पाठ लावून तो जमिनीवर बसला होता. त्याची आणि कॅप्टनची अंगकाठी अगदी एकसारखी. पाठमोरा पाहिला तर मलाही फसायला होई. पूर्वी तो सर्कशीत झुल्यावर काम करायचा. सर्कस बंद पडली आणि तो आमच्याकडे आला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा एकदाही पडद्यावर आला नव्हता.

‘तुम्ही मला विचारायला येणार हे ठाऊक होतं,’ तो म्हणाला. ‘तुमच्या लेखकांनी माझ्यावरच बोट ठेवलं असणार.’

मी खोकलो.

‘कॅप्टन स्वतः उडी मारणार म्हटल्यावर तुमचं काय झालं असतं?’ बाईंनी विचारलं.

‘माझं भलं झालं असतं. बाई, खरं सांगतो, मी त्या उडीची वाट बघत होतो. तो मारूच शकत नाही. कठड्यावर उभा राहिला असता, पाय लटपटले असते, आणि पत्रकारांनी विचारलं असतं, मग इतकी वर्षं कोण मारत होतं? माझा चेहरा दिसायची ती एकच संधी होती. ती मी प्लास्टिकच्या हुकाने घालवीन?’

‘मारू शकत नाही कशावरून?’

‘गेली दोन वर्षं साध्या जिन्याचा शॉटसुद्धा मीच देतोय. गुडघा दुखतो म्हणतो.’

बाई चालायला लागल्या होत्या त्या थबकल्या.

‘गुडघा?’ त्यांनी पुन्हा विचारलं.

५

कॅप्टन घरी नव्हता, खांदा दाखवायला गेला होता. दार त्याच्या थोरल्या बहिणीने उघडलं. आईबाप लवकर गेले तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. सगळ्या शहरासाठी तो कॅप्टन. तिच्यासाठी फक्त ‘आमचा बारका’.

‘बसा. बारका येईलच,’ ती म्हणाली. ‘हात वर होत नाही त्याचा. सरांना भेटायला जा म्हटलं, तर जातच नाही. जेवतही नाही नीट. मी म्हटलं, अरे, तू तर जीव वाचवलास त्यांचा. तर भिंतीकडे तोंड करून झोपतो.’

घर दुमजली होतं. बैठकीच्या खोलीतच एका कोपऱ्यात पलंग, त्याच्याजवळ कपड्यांचं कपाट. एवढ्या मोठ्या घरात बैठकीत पलंग कशाला, हे माझ्याही लक्षात आलं.

‘वरच्या खोल्या भाड्याने दिल्यात का?’ बाईंनी विचारलं.

‘नाही हो. रिकाम्याच आहेत. त्याची खोली वर होती, चांगली गच्चीला लागून. दोन वर्षं झाली, खाली आणली. गुडघा दुखतो म्हणे.’

‘डॉक्टर काय म्हणतात?’

‘कानाचे? ते म्हणतात…’ ती बोलता बोलता गप्प झाली.

बाईंनी तिला मुळीच घाई केली नाही. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, सावकाश प्यायल्या आणि खाली ठेवला.

‘गुडघ्यासाठी कानाच्या डॉक्टरांकडे जातो का तो?’

बहिणीने पदराने तोंड पुसलं. ‘मला शपथ घातली आहे त्याने. मी काही बोलणार नाही. तुम्ही त्यालाच विचारा. पण एक सांगते, तो वाईट नाही. फर्निचरच्या दुकानात कपाटं विकायचा, तिथून सरांनी उचलून आणला. मिळालेलं सगळं हातातून जाईल असं त्याला कायम वाटतं. अजूनही वाटतं.’

आम्ही फाटकाबाहेर आलो. मी म्हटलं, ‘म्हणजे कानाच्या दुखण्यामुळे त्याला चक्कर येते. उंचीवर जाता येत नाही. बिचारा. आणि ज्याने त्याला मारायचं ठरवलं त्याला हे माहीत नव्हतं.’

‘लेखक,’ बाई म्हणाल्या, ‘तुम्ही आत्ता सगळं बरोबर सांगितलंत आणि शेवटच्या वाक्यात वाया घालवलंत.’

६

सामानाची खोली सेटच्या मागच्या बाजूला होती. तिला कुलूप नसे. खोट्या बंदुका, खोट्या विटा, खोटे फोन अशा फळ्या भरलेल्या. हुकांचा डबा बाईंनी खाली काढला आणि त्यातून एक हुक माझ्या हातात ठेवला. थंड, जड, चकचकीत.

‘हा खरा हुक इथे कसा?’ मी विचारलं.

‘हाही खोटाच आहे. आत जस्त आहे. जवळून दाखवायच्या शॉटसाठी केलेला. मास्टरलासुद्धा फसवेल असा. नुसता हाताळून कळणार नाही, जोर लावल्यावरच तुटेल. आणि ज्याने सरांचा घात केला तो प्लास्टिकचा. दोन्ही याच डब्यात, शेजारी शेजारी होते. तुम्हाला एखाद्याला मारायचं असेल, तर कोणता उचलाल?’

‘जड असलेला.’

‘मग त्याने हलका का उचलला?’

मी विचार केला, आणि मास्टरचा प्रश्न मला तेव्हा कुठे समजला. ‘म्हणजे तो पकडला जावा, अशीच त्याची इच्छा होती.’

‘हो. मास्टरने तपासावा, ओरडावं, उडी रद्द व्हावी, पोलीस यावेत, भरपूर गोंधळ व्हावा. पण कुणाला इजा होऊ नये. आपण मारेकरी शोधत होतो. शोधायचा होता तो उडी थांबवू पाहणारा.’

‘मग तर सगळेच मोकळे सुटतात.’

‘सगळे नाही. मास्टरला थांबवायची असती तर नुसतं नाही म्हणायचं होतं. मुलीला थांबवायची असती तर पाऊस आला म्हणायचं होतं. सरांचा तर सेटच, त्यांचा एक शब्द पुरला असता. सावलीला ती उडी व्हायलाच हवी होती. ज्याला ती नको होती आणि तरी स्वतःच्या तोंडाने नको म्हणता येत नव्हतं, असा माणूस एकच उरतो. त्याने ती वर्तमानपत्रात जाहीर केली होती.’

मी तो जस्ताचा हुक डब्यात ठेवून दिला.

‘हा तर्क झाला,’ मी म्हटलं. ‘पुरावा कुठे आहे? आणि त्यानेच तर सरांना वाचवलं.’

‘तोच पुरावा आहे,’ बाई म्हणाल्या आणि पिशवीतून त्यांनी चित्रीकरणाची टेप काढली.

संकलनाच्या खोलीत आम्ही ते पाहिलं. मुलगी बाहेर थांबली. पडद्यावर सर कठड्यावर चढतात. कॅप्टन एका कोपऱ्यात उभा. सर मागे हात नेऊन फास अडकवतात. कॅप्टनचं तोंड उघडतं, ‘सर, नको.’ सर हसून हात पसरतात. कॅप्टन गादीकडे धावत सुटतो. सर अजून कठड्यावरच आहेत. त्यानंतर ते झेपावतात, दोर ताणतो, हुक तुटतो.

बाईंनी चित्र थांबवलं.

‘त्याने बातम्यांत सांगितलंय की हुक सुटताना दिसला म्हणून तो धावला. सरांचं तोंड त्याच्याकडे होतं. हुक त्यांच्या पाठीवर होता. आणि हा बघा, हुक तुटायच्या कितीतरी आधी हा निम्म्या वाटेवर आहे. दोन वर्षं जिना न चढणाऱ्या गुडघ्यावर.’

७

इस्पितळाच्या खोलीत सरांचा पाय दोरीला टांगलेला होता. उशाशी मुलगी, दाराशी मास्टर, खिडकीपाशी सावली. कॅप्टनला बाईंनीच बोलावून आणलं. तो पलंगापासून लांब, भिंतीला खेटून उभा राहिला.

बाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं, पायरी पायरीने, जसं मला सांगितलं होतं. दोन हुक. मास्टरची तपासणी. कोण नाही म्हणू शकत होतं आणि कोण नाही. मग धावण्याचं सांगितलं. मास्टर मध्ये एकदा उठू पाहत होता, त्याला सावलीने पुढे होऊन दंड धरून बसवलं.

‘एकच विचारायचं राहिलं,’ बाई कॅप्टनला म्हणाल्या. ‘तुम्ही “सर, नको” ओरडलात. “हुक खोटा आहे” असं का नाही ओरडलात? ते थांबले असते.’

कॅप्टन बोलला तेव्हा त्याचा तो सगळ्या शहराला पाठ असलेला आवाज कुठेच नव्हता.

‘तोंडापर्यंत आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर तुला कसं ठाऊक, असं विचारलं असतं. तेवढं सांगायची छाती झाली नाही. धावण्यापुरती झाली.’

‘कान कधीपासून?’ सरांनी विचारलं. ते पहिल्यांदाच बोलत होते.

‘दोन वर्षं. उंचावर गेलो की सगळं गरगरतं. टेबलावर चढलो तरी. मला वाटलं मास्टर हुक पकडेल, ओरडेल. मग म्हणता येईल, माझ्या जिवावर कुणीतरी उठलंय, उडी रद्द. लोक हसणार नाहीत. तुम्ही वर जाल हे डोक्यातच आलं नाही.’

‘तू घाबरलेला दिसलास म्हणून गेलो,’ सर म्हणाले. ‘तुला धीर यावा म्हणून.’

कॅप्टनने डोळे मिटून घेतले.

‘मला सांगितलं असतंस तर मी उडी काढली असती,’ सर म्हणाले. ‘त्या जागी तुला नुसता चालत यायला लावलं असतं. तू कपाट विकत होतास ना, तेव्हा एका म्हातारीला म्हणालास, हे घेऊ नका, याचं दार दोन वर्षांत लोंबकळेल. मालक शेजारी उभा होता. ते पाहून मी तुला उचलला. उड्या मारणारे मला हवे तेवढे मिळत होते.’

‘सर, मी…’

‘आज नको. आज मला तुझ्याशी बोलवत नाही.’ त्यांचा श्वास जड झाला. ‘पाय बरा झाल्यावर बघू, बोलवतंय का ते. पण मास्टरचं नाव आजच्या आज धुऊन काढायचं. ते तू करायचंस. बाईंनी नाही.’

मुलगी उठून उभी राहिली. तिचा आवाज स्थिर होता. ‘तू स्तब्ध उभा राहिला असतास तर बाबा गेले असते आणि तुझं कुणाला कधीच कळलं नसतं. हे मी विसरणार नाही. आणि हुक बदललास हेही विसरणार नाही. दोन्ही लक्षात ठेवीन.’

कॅप्टनने मान हलवली. तो मास्टरसमोर जाऊन उभा राहिला. मास्टरने त्याच्याकडे न बघता म्हटलं, ‘मला नको सांगू. बाहेर उभे आहेत त्यांना सांग.’

इस्पितळाच्या फाटकाशी पत्रकार होतेच. कॅप्टनने गळ्यातली झोळी सावरली आणि त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. हुक कुणी बदलला ते, कान, दोन वर्षं. आणि मग खिडकीतून खाली बघणाऱ्या सावलीकडे बोट दाखवून त्याचं खरं नाव घेतलं आणि म्हणाला, ‘माझ्या सगळ्या उड्या याच्या आहेत. पहिल्यापासून.’ पत्रकारांचे प्रश्न संपायच्या आत तो बाईंच्या गाडीत बसला आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात गेला.

खटला झाला. दंड झाला, थोडी शिक्षाही झाली, सरांच्या जबानीमुळे ती हलकी झाली. वाहिनीने त्याला काढलं. जाहिराती गेल्या, घराबाहेरची गर्दी गेली. शेवटच्या भागातली उडी सावलीने मारली, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि सरांच्या मुलीने ती एका दमात टिपली. मास्टर अजून काम करतो. सर काठी घेऊन चालतात आणि आता तरुणांना शिकवतात. मुलीने नवी मालिका घ्यावी म्हणून हट्ट त्यांनीच धरला.

ती मालिका मारधाडीची नव्हती. एका घरातल्या माणसांची साधी गोष्ट होती, लिहिली मीच. त्यातल्या म्हाताऱ्या काकांच्या भूमिकेसाठी मुलीने कॅप्टनला बोलावलं तेव्हा वाहिनीचे साहेब दोन दिवस फणफणत होते. ती बधली नाही.

पहिल्याच दिवशी प्रसंग असा होता, की काका स्टुलावर चढून दिवा बदलतात. स्टूल गुडघाभर उंचीचं. दिवे लागले, सगळे जागेवर उभे राहिले, नवी पोरं जुन्या कॅप्टनकडे टक लावून बघत होती. त्याने स्टुलावर हात ठेवला आणि सरांच्या मुलीकडे वळला.

‘मला हे जमणार नाही,’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘मला चक्कर येते.’

कुणी हसलं नाही. तिने कागदावरची ओळ खोडली आणि मला सांगितलं, ‘काका स्टूल धरून उभे राहतील. दिवा सून बदलेल.’

‘चालेल,’ मी म्हटलं.

कॅप्टनने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि आम्ही शॉट घेतला.